काटेरी युफोर्बिया: ओळख आणि निफाडच्या थंडीतलं संगोपन

निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत, लासलगाव या पट्ट्यात घराच्या ओट्यावर, गच्चीच्या कठड्यावर किंवा द्राक्षबागेतल्या शेडपुढे एक कुंडी हमखास दिसते. करडी, काट्यांनी भरलेली खोडं, शेंड्याकडे हिरव्या पानांचा झुबका आणि त्यातून वर आलेले लाल, गुलाबी किंवा फिकट पिवळे घोस. रोपवाटिकेत या झाडाला नुसतं ‘युफोर्बिया’ म्हणतात. घरी आलं की त्याचा कॅक्टस होतो. मग कॅक्टस आहे म्हणून कोणी त्याला पाणीच देत नाही, तर फुलं येतात म्हणून कोणी रोज तांब्याभर ओततं. पाणी न मिळालेलं झाड पानं गाळून बरेच दिवस तग धरतं. सतत ओल्या मातीत उभं राहिलेलं झाड मात्र निफाडच्या एका हिवाळ्यात संपतं. म्हणून वाढवण्याआधी ते कोण आहे हे कळायला हवं, आणि ही ओळख काट्यांवरून होत नाही.

काटे आणि मांसल खोड दिसलं की आपण सरसकट निवडुंग म्हणतो. पण बांधावरचा फड्या निवडुंग, म्हणजे चपट्या हिरव्या फड्यांचा आणि लाल बोंडांचा, हा खरा कॅक्टस. तो अमेरिका खंडातून इकडे आला. वई निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया आहेत, त्यांचा कॅक्टसशी काही नातेसंबंध नाही. माणसांनी एका नावाखाली घातलेली ही झाडं एका किड्याने मात्र बरोबर वेगळी ओळखली. फड्या निवडुंग दक्षिण भारतात इतका माजला होता की शेतजमिनी आणि गायरानं अडली होती. 1926 मध्ये श्रीलंकेतून कोचिनील वर्गातला एक किडा आणून त्यावर सोडला गेला आणि काही वर्षांत मैलोन्‌मैल पसरलेलं ते रान विरून गेलं. शेजारच्या कुंपणातल्या युफोर्बियाला त्या किड्याने शिवलंही नाही, कारण हा किडा फक्त कॅक्टसचाच रस पितो.

दिसायला सारखी असूनही ही दोन घराणी वेगळी कशी? कोरड्या मुलखात पाणी साठवायला जाड खोड, बाष्प कमी जावं म्हणून पानांना रजा आणि जनावरांपासून वाचायला काटे, हा एकच मार्ग दोन्ही घराण्यांना स्वतंत्रपणे सापडला: एकाला अमेरिकेत, दुसऱ्याला मुख्यतः आफ्रिकेत. फरक पाहायचा तर काटा जिथून निघतो ती जागा पाहावी. कॅक्टसच्या प्रत्येक काट्याच्या किंवा काट्यांच्या झुबक्याच्या तळाशी बारीक लोकरीची गादी असते. युफोर्बियाला ती गादी नसते. आपल्या कुंडीतल्या झाडाचे काटे थेट सालीतून, रुंद बुडावर उभे असतात. पानाच्या देठाशी जी दोन छोटी उपपर्णं असतात, त्यांचेच हे काटे झालेले असतात. म्हणून पान गळून गेल्यावरही त्याच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना काटे दिसतात.

दुसरी खूण सगळे सांगतात ती चिकाची. फांदी मोडली की पांढरा चीक भळभळ वाहतो, मग तो युफोर्बियाच, असं धरलं जातं. ही खूण अपुरी आहे. चीक वडाला आहे, उंबराला आहे, रुईला, पांढऱ्या चाफ्याला आणि पपईलाही आहे. चीक नसेल तर झाड युफोर्बिया नाही, एवढं खात्रीने म्हणता येतं. चीक आहे म्हणून ते युफोर्बिया आहे, असं म्हणता येत नाही.

खरी ओळख फुलात आहे आणि ती पाहण्यासाठी मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला तरी पुरतं. घोसातलं एक लाल ‘फूल’ निवडा. त्याच्या त्या दोन गोल, एकमेकींना टेकलेल्या लाल पाकळ्या पाकळ्या नाहीतच, ती रंगलेली छदं आहेत, म्हणजे फुलाखालची पानं. त्या दोघींच्या मधोमध तीन-चार मिलिमीटरचा एक हिरवट पेला बसलेला असतो. पेल्याच्या काठावर पाच जाडसर, पिवळ्या ग्रंथी असतात आणि सकाळच्या उन्हात त्यांच्यावर मधाचा थर चकाकतो. मुंग्या आणि माश्या त्यासाठीच येतात. पेल्याच्या पोटातून आधी वर येते ती स्त्रीकेसराची तीन फाट्यांची दांडी. त्यानंतर तिच्या भोवतीने एकेक करून पुंकेसर डोकं वर काढतात, त्यांच्या टोकाला पिवळे परागकोश असतात.

हे सगळं मिळून एक फूल, असं वाटणं साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन याने त्यातला एक बारकावा टिपला. प्रत्येक पुंकेसराच्या दांडीवर मध्येच एक सांधा आहे. सांध्याच्या खालचा भाग हा फुलाचा देठ आणि वरचा भाग हाच पुंकेसर. म्हणजे तो एकेक पुंकेसर हेच एक संपूर्ण नरफूल. पाकळ्या नाहीत, पाकळ्यांखालची निदलं नाहीत, जे जे टाकता येईल ते ते टाकून उरलेलं फूल. मधली मादीही तशीच, एका देठावर नुसता तीन कप्प्यांचा बीजकोश. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक नर आणि एक मादी यांचा पुंजका आहे, त्या पेल्यात बसवलेला. पाण्यात तरंगणाऱ्या परागांतल्या सूक्ष्म कणांची थरथर, जिला त्याच्याच नावावरून ‘ब्राउनियन गती’ म्हणतात, ती पुढे 1827 मध्ये पाहणारा हाच ब्राऊन. त्याच्या नजरेचा मला या सांध्यामुळे जास्त आदर वाटतो, कारण तो सांधा आजही कुणालाही भिंगातून दिसतो आणि तरी आपण तो पाहत नाही.

हा पेला म्हणजे युफोर्बियाची सही आहे. जगभर या वंशाच्या सुमारे 2000 जाती आहेत. कुणी हाताच्या पंजाएवढं तण, कुणी वीस-तीस फुटांचा वृक्ष, कुणी बिनपानांचा हिरवा गोळा. रूप कितीही बदललं तरी पेला प्रत्येकीत आहे. पडताळा घ्यायचा तर शेताच्या बांधावर जा. सोयाबीनमध्ये, कांद्याच्या वाफ्यात आणि द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये उगवणारी दुधी उपटा. तिच्या पानांच्या बगलेत दाण्यांसारखे जे हिरवट-तांबूस गुच्छ असतात, त्यातला प्रत्येक दाणा हा असाच एक पेला आहे, फक्त फार लहान. थोडी उंच वाढणारी मोठी दुधीही त्यातलीच. निंदणीत आपण ज्यांना उपटून फेकतो आणि रोपवाटिकेतून पैसे देऊन जे आणतो, ती एकाच वंशातली भावंडं आहेत.

फळावरूनही नातं कळतं. तीन कप्प्यांचं, वाळल्यावर फुटणारं फळ एरंडाला आहे, कुंपणावरच्या मोगली एरंडाला आहे, रबराच्या झाडालाही आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो ते झाड आणि बागेतला रंगीत क्रोटन हेही याच कुळातले. पण पेला त्यांच्यात नाही. कुळ एक, वंश वेगळा.

रोपवाटिकेत गेल्यावर ही ओळख फार उपयोगी पडते, कारण तिथे पाटीवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, बिनपानांच्या, बिनकाट्यांच्या हिरव्या कांड्यांचा झुडूपवजा गुंता असेल तर तो शेर. मूळचा आफ्रिकेतला, पण कुंपणासाठी दख्खनभर कधीचाच रुजलेला. तीन ठळक धारांचं खोड आणि धारांवर जोडीजोडीने काटे असतील तर त्रिधारी. खोडावर पिळाने चढत गेलेल्या उंचवट्यांच्या रांगा आणि शेंड्याला चमच्यासारखी जाड, लांबट पानं असतील तर वई निवडुंग, आयुर्वेदात ज्याला स्नुही म्हणतात तो. अलीकडे ‘कोरल कॅक्टस’ नावाने पंख्यासारखं पसरलेलं, कडेला गुलाबी झालर असलेलं एक झाड महाग विकलं जातं. त्यातही कॅक्टस काही नाही. खालचा खुंट वई निवडुंगाचा आणि वर कलम केलेली युफोर्बिया लॅक्टिया या जातीची चपटी विकृती. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला यात नवं काही सांगावं लागत नाही. डॉगरीजच्या खुंटावरचे फुटवे जसे वेळच्या वेळी काढावे लागतात, तसेच या झाडाच्या खुंटातून आलेले फुटवेही काढावे लागतात. नाहीतर खुंट जिंकतो आणि वरचा महाग पंखा वाळून जातो.

आपल्या ओट्यावरचं काटेरी झाड आहे युफोर्बिया मिली. मूळ घर मादागास्कर. फ्रेंचांच्या ताब्यातल्या बूरबाँ बेटाचा, म्हणजे आजच्या रेयुनियॉंचा, गव्हर्नर बॅरन मिलियस याने ते 1821 च्या सुमारास फ्रान्सला पोचवलं असं मानतात, आणि 1826 मध्ये ते त्याच्या नावाने शास्त्रात नोंदलं गेलं. ते मूळ झाड बारीक खोडाचं आणि नखाएवढ्या लाल फुलांचं. तुमच्या आजीच्या अंगणात असेल तर बहुधा ते हेच. आज रोपवाटिकेत दिसतात ती जाड खोडाची, लांब पानांची आणि रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या फुलांची झाडं मात्र संकरित आहेत. मादागास्करच्याच एका दुसऱ्या जातीशी संकर करून ती तयार झाली आणि थायलंडच्या बागायतदारांनी त्यांचे असंख्य रंग काढले. तिथे या झाडाला चिनी परंपरेतल्या आठ सिद्धांचं नाव आहे आणि एका घोसात आठ फुलं येणं भाग्याचं मानतात. आठच का, याचं उत्तर घोसाच्या रचनेत आहे. एका पेल्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक देठ फुटतो, त्यांच्या टोकाला पेला येतो, त्या प्रत्येकाच्या बाजूंनी पुन्हा दोन. दोनाचे चार, चाराचे आठ. झाड सुदृढ असेल, ऊन पुरेसं असेल तर ही दुपटीची पायरी चढत जाते. खंगलेलं झाड दोनावरच थांबतं. शुभशकुन बाजूला ठेवला तरी घोसातली फुलं मोजून झाडाची प्रकृती खरोखर कळते.

आता निफाडचा प्रश्न. मादागास्करच्या या झाडाला आपला उन्हाळा सोसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीत गेला तरी सकाळी पाणी मिळालं की ते फुलत राहतं. त्याला खरा धोका थंडीचा. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेलं तापमान छापून येतं आणि राज्यात सर्वांत गारठलेलं ठिकाण म्हणून निफाडचं नाव येतं. डिसेंबर 2018 च्या अखेरीस इथला पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात, पहाटे ठिबक चालू करावं लागतं. ज्या गव्हाला ही थंडी मानवते त्याच थंडीत हे काटेरी झाड अडचणीत येतं. साधारण 10 अंशांच्या खाली ते वाढ थांबवतं, मुळं पाणी ओढेनाशी होतात, पानं पिवळी पडून गळतात.

इथेच बहुतेक झाडं मरतात, पण थंडीने नव्हे. पानं गळाली की घरच्यांना वाटतं, झाडाला पाणी कमी पडलं. मग पाणी वाढतं. मुळं झोपलेली, माती गार आणि ओली, ऊन तिरपं. दोन-तीन आठवड्यांत खोड बुडाशी मऊ पडतं, दाबलं तर आत जातं, आणि मग काही करता येत नाही. निफाडमध्ये युफोर्बिया जगवायचा एकच मोठा नियम आहे, तो म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पाणी आवरायचं. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. कोरडं लागलं तर भर दुपारी थोडं पाणी द्या, ओल लागली तर हात आखडा. पानं गळालेलं खोड घट्ट असेल तर काळजी नको, फेब्रुवारीच्या शेवटी नवी पालवी येते.

दुसरी गोष्ट कुंडीच्या जागेची. निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आणि झाडं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतात, म्हणून उघड्या गच्चीवरच्या झाडाची पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. हवा 3 अंशांवर असताना पानावरचं दव गोठू शकतं ते यामुळे. गार हवा जड असते, ती खाली उतरून सखल भागात साचते, आणि गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात अशा सखल जागा पुष्कळ. तेव्हा डिसेंबर लागला की कुंडी गच्चीवरून काढून पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या आडोशाला, दक्षिणेकडच्या भिंतीलगत ठेवावी. डोक्यावर छप्पर असलं की झाडाची उष्णता आकाशाकडे निसटत नाही आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री ती उष्णता परत देते. जमिनीपेक्षा बाकावर किंवा कट्ट्यावर ठेवलेली कुंडी अधिक सुरक्षित. एवढं केलं तरी आच्छादनाची फारशी गरज उरत नाही.

मातीबद्दल निफाडकरांना एक सवय मोडावी लागेल. इथली काळी कसदार जमीन ऊस, गहू, कांदा, द्राक्ष सगळ्यांना पोसते, म्हणून तीच उचलून कुंडीत भरण्याचा मोह होतो. कुंडीत काळी माती पाण्याने फुगते, वाळल्यावर कडांपासून सुटते, भेगाळते. वरून दिलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं आणि मधला गोळा एकतर कोरडा ठणठणीत राहतो किंवा आठ-आठ दिवस ओला. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, दोन भाग भरड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एवढं मिश्रण पुरे. कुंडी मातीची घ्यावी, झाडाच्या मानाने थोडी लहानच, आणि तळाचं भोक मोकळं हवं. बागेत विद्राव्य खतांच्या पिशव्या असतातच, त्यातलं 19:19:19 लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, मार्च ते सप्टेंबर. त्याहून जास्त नत्र दिलं की पानं लांबतात, खोड लवलवतं आणि फुलं रोडावतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. तेव्हा एकदा भरपूर पाणी देऊन ते खालून वाहू द्यावं म्हणजे क्षार निघून जातात. पहिल्या पावसात कुंडी तासभर उघड्यावर ठेवली तरी हे काम होतं. ऊन मात्र भरपूर हवं, दिवसाला किमान चार-पाच तास थेट. सावलीत झाड जगतं, पण फुलत नाही.

रोपं करायची तर मार्च ते मे हा काळ. द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये होते म्हणून त्याच वेळी या झाडालाही कात्री लावू नये, कारण कापलेला भाग सावरेपर्यंत थंडी येते. शेंड्याची चार-पाच इंचांची कांडी धारदार ब्लेडने कापा. दोन्ही जखमांवर लगेच पाणी शिंपडलं की चीक थांबतो. खालची पानं काढून कांडी सावलीत आठवडाभर वाळू द्या. जखमेवर कडक कातडी धरली की मगच ओलसर भरड वाळूत खोचा. ही वाळवणी टाळली तर कांडी हमखास कुजते. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो. बियांपासून रोपं करणाऱ्याने फळाला मलमलीची पिशवी बांधावी, कारण फळ फुटताना बिया लांब उडतात. बियांची झाडं आईसारखी येतीलच असं नाही, आणि नवे रंग निघतात ते यातूनच. किडीत पिठ्या ढेकूण हा मुख्य. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखे ठिपके दिसले की काडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये बुडवून पुसून घ्यावेत. हिवाळ्यात पानांवर भुरी येते. तिची ओळख द्राक्षपट्ट्यात कुणाला करून द्यावी लागत नाही.

याच वंशातलं दुसरं लोकप्रिय झाड पॉइन्सेटिया. डिसेंबरमध्ये नाशिकच्या रोपवाटिका त्याच्या लालभडक पानांनी भरून जातात. इथेही लाल दिसतात ती पानंच. मधोमध असलेल्या प्रत्येक पेल्याच्या कडेला एक पिवळी, ओठासारखी ग्रंथी असते, ती पाहिली की ओळख पक्की. मेक्सिकोतलं हे झाड अमेरिकेचा तिथला पहिला राजदूत जोएल पॉइन्सेट याने 1828 च्या सुमारास आपल्या देशात नेलं. घरी आणलेलं रोप पुढच्या वर्षी नुसतं हिरवंच राहतं, ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. कारण रात्रीत आहे. कांदा पोसायला दिवसाची विशिष्ट लांबी लागते हे लासलगावकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. पॉइन्सेटियाचं गणित उलट, त्याला लांब, अखंड रात्र लागते. 20 अंश उत्तर अक्षांशावरच्या निफाडमध्ये 23 सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा उरतो. हा अंधार सलग मिळाला की आठ-दहा आठवड्यांत पानं रंगतात. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा ओट्यावरच्या बल्बचा उजेड रात्री पडत असेल तर झाडाला रात्र झाल्याचं कळतच नाही. ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहा ते सकाळी आठ कुंडी अंधाऱ्या जागी ठेवली तर रंग येतो. निफाडच्या चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात त्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, ती लोहाची कमतरता. चिलेटेड लोहाची फवारणी द्यावी आणि शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणी घालावं.

पॉइन्सेटियाबाबत टोमॅटो लावणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पांढरी माशी या झाडावर फार आवडीने राहते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 1986 मध्ये तिचा एक आक्रमक प्रकार पॉइन्सेटियाच्या हरितगृहांत उफाळला आणि तिथून टोमॅटोसह इतर पिकांत गेला. टोमॅटोचा पर्णगुच्छ रोग हीच माशी पसरवते. पानाखाली माश्या असलेली कुंडी टोमॅटोच्या रोपवाटिकेशेजारी ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

राहिला चीक. पॉइन्सेटिया जीवघेणं आहे ही समजूत चुकीची ठरली आहे. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे आलेल्या 22,793 नोंदींचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकही मृत्यू नव्हता आणि बहुतेकांना काहीच त्रास झाला नव्हता. काटेरी युफोर्बिया, शेर, त्रिधारी आणि वई निवडुंग यांचा चीक मात्र जहाल असतो. कातडीवर तो फोड आणतो. आयुर्वेदातल्या क्षारसूत्रासाठी, म्हणजे भगंदरावर वापरल्या जाणाऱ्या औषधी धाग्यासाठी, स्नुहीच्या चिकाचे थर अपामार्गाच्या क्षारासोबत आणि हळदीसोबत चढवतात, ते त्याच्या याच दाहक गुणामुळे. पण ते काम वैद्याचं. चामखिळीवर, दाढेवर घरी चीक लावण्याचे प्रयोग करू नयेत. ब्राझीलमध्ये काटेरी युफोर्बियाचा चीक पाण्यात अगदी थोड्या प्रमाणात मिसळून रोग पसरवणाऱ्या गोगलगायी मारण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि शेरासारख्या झाडांचा चीक मासे मारायलाही वापरला गेला आहे. निफाड तालुक्यात शेततळी पुष्कळ, त्यांत मासेही सोडलेले असतात. छाटलेल्या फांद्या शेततळ्यात, कालव्यात किंवा जनावरांच्या हौदात टाकू नका. त्या जाळूही नका, धुराने डोळे आणि घसा भाजतो. खड्डा करून पुरा.

सर्वांत मोठी जोखीम डोळ्यांची आहे. शेराची फांदी तोडताना उडालेला एक थेंब बुबुळाला इजा करतो, दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाऊ शकते. छाटणी करताना साधा चष्मा आणि हातमोजे घाला, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याकडे नेऊ नका. चीक डोळ्यात गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, दूध, तूप, मध काहीही घालू नका, आणि बरं वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना झाडाची एक फांदी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत न्या किंवा फुलाचा जवळून फोटो काढून घ्या. ‘कॅक्टस लागला’ असं सांगितलं तर डॉक्टर डोळ्यात काटा शोधत बसतील. ‘युफोर्बियाचा चीक गेला’ असं सांगा.